काचेच्या गोलातला नाताळ

पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हाच मामांनी हात वर केला. चाळीस वर्षं कॉयर शिकवलेला हात आहे तो. तो वर गेला की वसईतल्या त्यांच्या चर्चमध्ये सोप्रानोपासून बेसपर्यंत सगळे आवाज जागच्या जागी थांबतात. भाचीनंही सवयीनं मोबाइलवरचं गाणं थांबवलं.

“यात श्वास कुठे आहे?” मामांनी विचारलं.

डिसेंबरचा पहिला आठवडा. पडवीत गोठ्यासाठी आणलेलं वाळलेलं गवत पडलं होतं आणि टेबलावर नाताळगीतांच्या झेरॉक्स प्रती. भाची मुंबईत एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. वर्षभर कितीही धावपळ असली तरी नाताळच्या तालमींना ती मामांकडे येतेच, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला आल्टोच्या रांगेत उभी राहते. या वेळी तिनं मामांना ऐकवायला एक अल्बम आणला होता: ‘इरेझर’ या ब्रिटिश जोडीचा ‘स्नो ग्लोब’. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘म्यूट’ या कंपनीनं तो काढला. त्यात तेरा गाणी आहेत. पाच या जोडीनं स्वतः रचलेली. बाकीच्यांत बहुतेक जुनी कॅरोल आणि विसाव्या शतकातली अमेरिकन नाताळगीतं. स्नो ग्लोब म्हणजे तो काचेचा गोल, आत एखादं इवलंसं घर, हलवला की पांढरा भुगा वर उडतो आणि सावकाश खाली बसतो.

जोडी जुनी आहे. विन्स क्लार्क सिंथेसायझर वाजवतात, ॲंडी बेल गातात. क्लार्क हे मूळचे ‘डिपेश मोड’चे संस्थापक. पहिल्याच अल्बमनंतर, १९८१ मध्ये, ते त्यातून बाहेर पडले. मग ॲलिसन मोये यांच्याबरोबर ‘याझू’ काढलं आणि १९८५ मध्ये ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकात गायक हवा अशी जाहिरात दिली. त्या जाहिरातीला उत्तर देणाऱ्यांपैकी एक होते पीटरबरोचे ॲंडी बेल. तेव्हापासून हे दोघे एकत्र आहेत. १९८८ ते १९९४ या काळात त्यांचे लागोपाठ चार स्टुडिओ अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ‘स्नो ग्लोब’ त्या उंचीच्या जवळपासही पोचला नाही. समीक्षकांतही एकमत झालं नाही. काहींना त्याचा थंडपणा भावला, काहींना तोच खटकला. सणाचा अल्बम असून सण कुठे आहे, अशी ती तक्रार होती. मामांची तक्रार याहून खोल होती, म्हणून ती पुढे नेण्यासारखी आहे.

“कॅरोल म्हणजे काय?” मामा म्हणाले. “वीस माणसं एकदम श्वास घेतात ना, ती त्या गाण्याची सुरुवात. पहिला स्वर नंतर येतो. आपल्याकडे तालमीला मी आधी काय शिकवतो? श्वास कुठे घ्यायचा ते. यंत्राला ते लागतच नाही. ते न थांबता तासभर वाजेल. जे दमत नाही त्याच्या तोंडी स्तुती कसली?”

“पण मामा, तू स्वतः पेटी वाजवतोस. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमधल्या संगीताबद्दल आदेश काढला होता, माहीत आहे ना तुला? त्यात पियानोला सरळ बंदी होती. ढोल, झांजा वर्ज्य. आणि पेटीचं तर विचारूच नकोस. १९४० मध्ये आकाशवाणीनं ती बंद केली ती तीस वर्षं. परकी, सूर न वाकणारी म्हणून. आज पेटीशिवाय आपलं भजन होईल का? मराठी नाटकाला तर बालगंधर्वांच्या काळापासून ऑर्गनच लागला. प्रत्येक वाद्य आधी दाराबाहेर उभं असतं.”

मामांना हा मुद्दा मान्य नव्हता, आणि त्यांचं उत्तर चोख होतं.

“पेटीला भाता आहे. भाता म्हणजे फुफ्फुसच. पाइप ऑर्गनला वारा लागतो. बासरी, सनई, ट्रम्पेट, सगळ्यांत हवा फिरते. पियानोवर सुद्धा माणसाच्या बोटाचं वजन पडतं. मी वाद्य नवं की जुनं असं म्हणतच नाहीये. हवा हलते की नाही, एवढंच विचारतोय.”

भाची जरा थांबली. तिच्या धंद्यातल्या माणसाला यावर पटकन उत्तर सुचतं: स्पीकरचा पडदाही हवाच हलवतो. ते तिनं दिलं नाही. मामा काय विचारत होते ते तिला नीट कळलं होतं. तिनं दुसरीकडून सुरुवात केली.

“क्लार्क कसं काम करतात ते ऐक. त्यांना जुने ॲनालॉग सिंथेसायझर आवडतात. त्यातले बरेच एका वेळी एकच स्वर काढू शकतात. दोन कळा दाबल्यास तरी स्वर एकच. १९९१ चा त्यांचा अल्बम याच पद्धतीनं बांधलेला आहे. कॉर्ड हवी असेल तर आधी खालचा स्वर वाजवून घ्यायचा, मग मधला, मग वरचा. प्रत्येक ओळ वेगळी. तू फळ्यावर सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस अशा चार ओळी मांडतोस ना? अगदी तसंच. त्या अल्बमचं नाव काय आहे ठाऊक आहे? ‘कोरस’.”

मामा हसले. मुद्दा त्यांना आवडला होता. कॉयर शिकवणाऱ्याला हे लगेच कळतं: एका हातानं कॉर्ड दाबणं वेगळं आणि चार स्वतंत्र ओळी एकमेकींशेजारून चालवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक ओळ गाता आली पाहिजे. इरेझरच्या गाण्यांत खालची, मधली, कुठलीही सुरावट वेगळी काढून गुणगुणता येते. पॉपमधल्या पुष्कळ कीबोर्डवाल्यांना हे जमत नाही, क्लार्क यांना ते चाळीसहून अधिक वर्षं जमत आलं आहे. यंत्रावर बसून आवाजांचा विचार करणारा हा माणूस आहे. लहानपणी ते बॅसिलडनमध्ये बॉइज ब्रिगेड या ख्रिस्ती मुलांच्या संघटनेत होते, मेथडिस्ट चर्चच्या वातावरणात वाढले. त्यामुळे ही जुनी गाणी त्यांच्या कानाला परकी नव्हती.

“ठीक आहे,” मामा म्हणाले. “मग माझा पुरावा घे. याझूचं ‘ओन्ली यू’ क्लार्क यांचंच ना? १९८२ मध्ये ते यंत्रावर आलं तेव्हा ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. पुढच्या वर्षी ‘फ्लाइंग पिकेट्स’ यांनी तेच गाणं एकही वाद्य न घेता, नुसत्या गळ्यांनी गायलं, आणि ते नाताळला पहिल्या क्रमांकावर गेलं. यंत्र काढून टाकलं तेव्हाच ते नाताळचं गाणं झालं!”

“आणि १९८७? त्या नाताळला पहिला क्रमांक पेट शॉप बॉइजच्या ‘ऑलवेज ऑन माय माइंड’चा. नखशिखांत सिंथेसायझर. दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं? ‘फेअरिटेल ऑफ न्यू यॉर्क’. बॅंजो, ॲकॉर्डियन, टिन व्हिसल, दोन माणसांचं भांडण, तुला हवा तेवढा श्वास.”

“पण आज नाताळला लोक कुठलं ऐकतात?”

“ते दुसरं,” भाचीनं प्रामाणिकपणे कबूल केलं. “पण त्याच लोकांना ‘लास्ट ख्रिसमस’ही हवंच असतं. १९८४ मध्ये जॉर्ज मायकेल यांनी ते एकट्यानं वाजवलं. एक रोलॅंड सिंथेसायझर, एक ड्रम मशीन, थोडी घुंगरं. तेव्हा ते दुसऱ्याच क्रमांकावर राहिलं. पहिल्या क्रमांकावर पोचलं २०२१ च्या पहिल्या दिवशी, आणि नाताळच्या आठवड्यात २०२३ मध्ये. तेव्हा ते लिहिणारा माणूस जाऊन सात वर्षं झाली होती. पॉल मॅकार्टनींचं ‘वंडरफुल ख्रिसमस टाइम’ घे. १९७९. तेही एकट्यानं, सिंथेसायझरवर. एकटा माणूस, बंद खोली, यंत्र. नाताळची निम्मी गाणी अशीच झालीत, मामा.”

‘एकटा’ हा शब्द तिथं पडला आणि संभाषणाची दिशा बदलली. कारण ‘स्नो ग्लोब’चा खरा विषय तोच आहे. क्लार्क यांनी अल्बमच्या वेळी सांगितलं होतं की नाताळ मुळातच पुरेसा रंगीबेरंगी असतो, त्यामुळे त्यांना त्याची काळोखी बाजू धुंडाळायची होती. पुष्कळ लोकांसाठी वर्षातले हेच दिवस सर्वांत एकटेपणाचे असतात. त्यात आणखी एक गोष्ट होती. बेल यांचे अनेक वर्षांचे जोडीदार २०१२ मध्ये गेले होते. जवळचं माणूस गेल्यानंतर वर्ष-दीड वर्षात हा गायक सणाची गाणी म्हणायला उभा राहिला होता.

भाचीनं हे सांगितलं. मग तिनं ‘ब्लड ऑन द स्नो’ लावलं आणि ते संपेपर्यंत दोघांनीही काही म्हटलं नाही. या जोडीनं लिहिलेल्या पाच गाण्यांत सर्वांत काळं हेच. नावातच रक्त आहे आणि बर्फ आहे.

“ज्या घरात त्या वर्षी मयत झालेली असते,” मामा हळू आवाजात म्हणाले, “तिथं आमचा कॉयर जातो, तुला आठवतं ना? त्या घरावर तारा लावलेला नसतो. आम्ही गिटार नेत नाही, घंटा नेत नाही. अंगणात उभं राहून एकच गीत म्हणतो, तेही खालच्या पट्टीत.”

“आठवतं. मी आठवीत होते तेव्हा पहिल्यांदा आले होते. तू आम्हाला सांगितलं होतंस, कुणी हसायचं नाही आणि कुणी रडायचंही नाही.”

“मग?”

“मग हा अल्बम म्हणजे तेच अंगण आहे, मामा. समीक्षकांनी त्यात तारा शोधला.”

या एका वाक्यात भाचीनं ‘स्नो ग्लोब’च्या अनेक परीक्षणांची चूक अचूक पकडली. नाताळचा अल्बम हाती आला की ऐकणारा आधीच एक मोजपट्टी घेऊन बसतो: ऊब किती, झगमगाट किती, पाहुणे आल्यावर लावता येईल का. त्या मोजपट्टीनं हा अल्बम उणा ठरणारच. पण ज्याला ऊब द्यायचीच नाही त्याला थंड म्हणण्यात परीक्षण काय झालं? तो थंडपणा खरा आहे की नुसता पवित्रा आहे, हे तपासायला हवं होतं. मूळ गाण्यांशी तो कुठे जुळतो आणि कुठे जुळत नाही, हेही.

मामांनी नेमकं तेच सुरू केलं. चाळीस वर्षं ज्यानं ही गाणी शिकवली त्याच्याइतका चांगला परीक्षक मिळणं कठीण.

“‘सायलेंट नाइट’ लाव.” लावलं. पहिलं कडवं झालं आणि त्यांनी मान हलवली. “नाही. हे गाणं गरिबीतून आलंय. २४ डिसेंबर १८१८, साल्झबर्गजवळचं ओबर्नडॉर्फ. शब्द योझेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराची, साथीला गिटार. दोन आवाज आणि सहा तारा. ती अंगाई आहे. अंगाई म्हणणाऱ्याच्या शेजारी पाळणा असतो. इथं बेल गातात सुंदर, पण भोवती इतकी मोकळी जागा ठेवली आहे की मूल कुठेच दिसत नाही.”

“रिकामा पाळणा,” भाची म्हणाली.

“तू ते वाचतेयस त्यात. मला ऐकू येत नाही.”

इथं भाचीनं हट्ट धरला नाही. ‘ब्लीक मिडविंटर’वर मात्र तिनं मामांना घेरलं. ख्रिस्टिना रोझेटी यांची ही कविता १८७२ मध्ये एका अमेरिकन मासिकात आली, आणि गुस्ताव होल्स्ट यांनी १९०६ मध्ये इंग्लिश स्तोत्रसंग्रहासाठी तिला चाल दिली. बेथलेहेममधला जन्म त्या कवितेत इंग्लंडच्या हिवाळ्यात घडतो: थिजलेली जमीन, वारा, बर्फावर बर्फ. मूळ शब्दांतच थंडी आहे. मोठा कॉयर जेव्हा ती चार आवाजांत, भरदार ऑर्गनवर गातो तेव्हा ऐकणाऱ्याला शाल पांघरल्यासारखं वाटतं आणि शब्दांतली थंडी नाहीशी होते. क्लार्क यांच्या कोरड्या, पातळ सुरांत ती परत येते. शेवटच्या कडव्यात गरिबाकडे द्यायला काही नसतं तेव्हा त्याचे रिकामे हात दिसू लागतात. मामांनी ते गाणं दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या पायानं ताल धरला नव्हता, हे भाचीनं पाहिलं; गाणं मनापासून ऐकताना ते ताल धरत नाहीत.

“यात श्वास आहे,” ते म्हणाले. “बेल यांचा. एकच आहे, म्हणून ऐकू येतो.”

मग ‘गाउदेते’. अल्बममधलं दुसरं गाणं, आणि यातून सर्वांत आधी बाजारात आलेलं. पॉप जोडीनं नाताळसाठी पहिलं गाणं म्हणून सोळाव्या शतकातलं लॅटिन गीत पुढं करावं, हे धाडसच होतं. ‘आनंद करा’ असा त्या शब्दाचा अर्थ. ‘पिए कान्तिओनेस’ नावाच्या संग्रहात ते १५८२ मध्ये छापलं गेलं. तो संग्रह फिनलंडच्या शाळांमधल्या लॅटिन गीतांचा, छापला गेला जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डला. पुढे जवळपास चारशे वर्षांनी, १९७२ मध्ये, ‘स्टीलाय स्पॅन’ या इंग्लिश लोकसंगीताच्या मंडळींनी ते साथीशिवाय गायलं. त्या ध्वनिमुद्रणात आवाज लांबून येतात, जवळ येतात आणि पुन्हा लांब जातात, जणू मेणबत्त्या घेतलेली मिरवणूक दारावरून गेली. १९७३ च्या अखेरीस ते ब्रिटनच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर चढलं. लॅटिनमधल्या, एकाही वाद्याशिवायच्या गाण्याला असं यश क्वचितच मिळतं.

“आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची,” मामा म्हणाले. “दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आली, भजन आलं, तबला-पेटी आली. मला ते बदल हवे होते. पण लॅटिन गीताची ती चाल मला आजही आठवते. त्यात गोड वाटावं असा प्रयत्न नसतो. स्वर ठामपणे टाकलेले असतात, दगडी भिंतीसारखे.”

“म्हणूनच ते यंत्राला मानवतं,” भाची म्हणाली. “ऐक ना. खालचा ठोका सरळ चालतोय, ‘सायलेंट नाइट’सारखं कुणाला थोपटायचं नाहीये. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं. सीक्वेन्सर हेच करतो: तीच ओळ, पुन्हा तीच ओळ. मध्ययुगातल्या माणसानं नाचत म्हणायचं गीत आणि नाइट क्लबात नाचायचं गीत यांचा सांगाडा एकच आहे. क्लार्क यांनी त्यावर काही लादलं नाही, आतलं होतं ते मोकळं केलं.”

या गाण्यावर दोघांचा वाद जवळजवळ मिटला. या अल्बममधलं सर्वोत्तम गाणं ‘गाउदेते’च, याबद्दल शंका नसावी. हे एकच गाणं असतं तरी ‘स्नो ग्लोब’ काढल्याचं सार्थक झालं असतं.

वाद पुन्हा पेटला तो अमेरिकन गाण्यांवर, आणि गंमत अशी की तिथं बाजू उलटल्या. भाचीला ‘व्हाइट ख्रिसमस’, ‘सिल्व्हर बेल्स’ आणि ‘द ख्रिसमस सॉंग’ नकोच वाटत होती. “ही तीन काढून टाकली असती तर अल्बम घट्ट झाला असता,” ती म्हणाली. “सगळ्यांनी गायलेली गाणी. त्यांत काळोख नाही, मग इथं कशाला?”

“काळोख नाही?” मामा खुर्चीत पुढे सरकले. “‘व्हाइट ख्रिसमस’ कुणी लिहिलं? अर्व्हिंग बर्लिन यांनी. रशियातून आलेलं ज्यू कुटुंब, नाताळ त्यांचा सणही नव्हे. १९२८ च्या नाताळच्या दिवशी त्यांचं काही आठवड्यांचं बाळ गेलं. त्या गाण्याला सुरुवातीचं एक कडवं आहे, फारसं कुणी गात नाही. ते गाणारा माणूस कॅलिफोर्नियात आहे, ऊन आहे, भोवती ताडमाड आहेत. तिथं बसून तो बर्फाची आठवण काढतो. बिंग क्रॉस्बींचं ध्वनिमुद्रण आलं १९४२ मध्ये, ऐन युद्धात, तेव्हा घरापासून हजारो मैलांवर असलेल्या सैनिकांनी ते डोक्यावर घेतलं. ते बर्फाचं गाणं नाही, बर्फ नसल्याचं गाणं आहे. वसईत आम्ही नारळाच्या झाडांखाली उभं राहून ते म्हणतो तेव्हा त्यात खोटं काही नसतं.”

भाचीला हे नवं होतं. तिच्याकडेही एक धागा होता: ‘द ख्रिसमस सॉंग’ मेल टॉर्मे आणि रॉबर्ट वेल्स यांनी १९४५ च्या भर उन्हाळ्यात, उकाड्यानं हैराण होऊन, थंडीची कल्पना करत लिहिलं होतं. म्हणजे नाताळच्या गाण्यातला बर्फ पहिल्यापासून मनातून काढलेला. काचेच्या गोलातल्या भुग्यासारखाच.

“मग इरेझरनं हे का नाही वापरलं?” मामांनी विचारलं. “तुझ्या म्हणण्याप्रमाणे त्यांना एकटेपणाच गायचा होता. त्यासाठी ‘व्हाइट ख्रिसमस’सारखं दुसरं गाणं नाही. ते सुरुवातीचं कडवं गायचं, यंत्र उघडं ठेवायचं, झालं. त्यांनी काय केलं? गाणं सरळ वाजवलं. नेटकं, चकचकीत, आतल्या दुःखाला हात न लावता. तू म्हणतेस गाणी चुकीची निवडली. मी म्हणतो गाणी बरोबर होती, कामच अर्धवट सोडलं.”

यावर भाचीला प्रत्युत्तर सुचलं नाही, आणि सुचायला नकोच होतं. या अल्बमवर आलेल्या नाराजीतला न्याय्य भाग हाच आहे. ‘गाउदेते’ आणि ‘ब्लीक मिडविंटर’ या गाण्यांत जी जोडी शतकं ओलांडून गाण्याच्या गाभ्यात शिरते, तीच शेवटच्या गाण्यांत दुकानाच्या काचेसमोर थांबते. अल्बम ‘व्हाइट ख्रिसमस’ आणि ‘सिल्व्हर बेल्स’वर संपतो हे त्याचं दुर्दैव. ऐकणाऱ्याच्या मनात शेवटचं राहतं, आणि परीक्षण लिहिणाऱ्याच्याही.

“तरी तू त्यांना आणखी वेळ दे,” भाची म्हणाली. “नाताळचे अल्बम नोव्हेंबरात येतात, पण त्यांचा निकाल पुढच्या पन्नास डिसेंबरांत लागतो. फिल स्पेक्टर यांचा नाताळ अल्बम २२ नोव्हेंबर १९६३ ला आला, ज्या दिवशी केनेडींची हत्या झाली. कोण ऐकणार? तो तेव्हा पडला. आज नाताळचा सर्वोत्तम पॉप अल्बम म्हणून लोक त्याचंच नाव घेतात.”

“तो पडला तो बाहेरच्या कारणानं. वाट पाहिली म्हणजे प्रत्येक अल्बम मोठा होत नाही. पुष्कळ नुसते विसरले जातात.”

हेही खरं. ‘स्नो ग्लोब’ आज दुकानांत वाजत नाही, नाताळच्या याद्यांत झळकत नाही. तो ज्यांना हवा त्यांच्यापाशी आहे.

चहा आला. मामांनी कप हातात घेतला, पण बोलणं सोडलं नाही. त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांचा विषय काढला; वसईतल्या ख्रिस्ती घरांत तो केव्हाही निघू शकतो. विल्टशरचा हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, भाषा शिकला, आणि त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. १६१६ मध्ये राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. “त्यानं आपलं लॅटिन आमच्या डोक्यावर मारलं नाही,” मामा म्हणाले. “ज्यांना सांगायचं त्यांच्या छंदात सांगितलं. कथा तीच, छंद ऐकणाऱ्यांचा. माझा प्रश्न शेवटी हाच आहे. हे सिंथेसायझर कुणाची ओवी आहे?”

भाचीनं विचार करून उत्तर दिलं. “बॅसिलडनच्या पोरांची. ते गाव १९४९ मध्ये सरकारनं नवं शहर म्हणून वसवायला घेतलं. लंडनची माणसं तिथं नेली, कारखाने आणले. जुना चौक नाही, जुनी गाणी नाहीत. तिथल्या मुलांना वारशानं फिडल मिळालं नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्वस्त सिंथेसायझर आले, काखेत मारून बसनं नेता येतील असे. ते त्यांनी उचलले. क्लार्क यांची मायबोलीच ती, मामा. गाउदेते म्हणणारी फिनलंडची ती शाळकरी पोरं होती, आणि हे वाजवणारा माणूसही तसल्याच एका पोराचा म्हातारा झालेला अवतार आहे. त्यानं आपल्या ओवीत सांगितलं.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ते म्हणाले, “दुसरं गाणं पुन्हा लाव. आणि माझ्या कानात ती तुझी वायर घाल, हा मोबाइलचा स्पीकर काही खरा नाही.”

हेडफोनवर त्यांनी ‘गाउदेते’ डोळे मिटून ऐकलं. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती, एकेक ओळ वेगळी काढत. गाणं संपल्यावर त्यांनी झेरॉक्सच्या गठ्ठ्यातला एक कागद उलटा केला, त्यावर पाच रेघा ओढल्या आणि बेसची ओळ लिहायला घेतली. यंत्राबद्दलचं मत त्यांनी मागे घेतलं नाही. ‘सायलेंट नाइट’बद्दलचं तर मुळीच नाही.

‘स्नो ग्लोब’ ऐकायचा असेल तर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू नका, आणि पाहुण्यांत ऐकू नका. रात्री, एकट्यानं, हेडफोन लावून ‘गाउदेते’, मग ‘ब्लीक मिडविंटर’, मग ‘ब्लड ऑन द स्नो’ एवढी तीन गाणी ऐका.

वसईत त्या वर्षी २४ डिसेंबरच्या मिस्सेआधी कॉयरनं ‘गाउदेते’ गायलं. चार आवाज, पेटी नाही, कीबोर्ड नाही. भाची आल्टोत होती.